वेगात उघड होणारा दोष
(मनन : स्तोत्र १३९ : २३, २४)



वर नेमलेल्या दोन ओव्या घरी सावकाश वाचाव्या. दावीद आपले अंतर्याम शुद्ध असल्याचे प्रमाणपत्र देवापुढे ठेवीत नाही. तो तपासणाऱ्याच्या हाती स्वतःस देतो, आणि आत काही वाकडे आहे की काय ते शोधून काढण्याची विनंती करितो. स्वतःस सोपवून देणे आणि शोध होऊ देणे ह्या दोन गोष्टी किती कठीण आहेत, हे मला २०२४ साली एका जुन्या मोटारीने शिकविले. मोटारीची गोष्ट उपदेशात कशाला, असे कोणास वाटेल. परंतु प्रभूने बी, जाळे, दिवा व खमीर ह्यांतून शिकविले, आणि आज आपल्या खेड्यांत मोटार ही दिव्याइतकीच ओळखीची वस्तू झाली आहे.

आमच्या मंडळीची एक जुनी गाडी आहे. तिचे इंजिन पुढे असून जोर मागील चाकांस मिळतो. तिच्यातून भजनी मंडळ जाते, सभेचे प्रतिनिधी जातात. आणि मुख्य म्हणजे मंडळीतील एका वृद्ध बंधूंस डायालिसिससाठी आठवड्यातून दोनदा छत्रपती संभाजीनगरास न्यावे लागते. पूर्वी तिला गावच्या व तालुक्याच्या रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरांहून अधिक धावण्याचा प्रसंग क्वचितच येई. पुढे समृद्धी महामार्ग झाला. त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला, आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरांचा संपूर्ण मार्ग पुरा झाला. पहिला टप्पा खुला झाल्यापासून आमची गाडीही त्या सपाट, सरळ रस्त्यावर धावू लागली, आणि कधी न दिसलेली एक गोष्ट दिसू लागली. काटा ८५ च्या पुढे गेला की गाडी थरथरू लागे. ७० वर आणिली की शांत होई. १०५ च्या पलीकडे नेली तरीही पुष्कळशी शांत होई.

असे का होते, हे प्रथम समजून घेऊ. समजा, चाकाच्या कडेला आतून मूठभर शेंगदाण्यांच्या वजनाचा, म्हणजे ३० ग्रॅम, चिखल वाळून बसला आहे. उभ्या गाडीत त्याचा भार कोणास जाणवणार नाही. ज्या चाकाचा घेर सुमारे दोन मीटर आहे ते ताशी ९० किलोमीटर वेगात सेकंदाला साडेबारा वेळा फिरते. मध्यापासून वीतभर अंतरावरील ते ३० ग्रॅम त्या वेळी चाकास सुमारे पावणेचार किलो वजनाइतक्या जोराने बाहेर ओढतात, आणि ही ओढ सेकंदातून साडेबारा वेळा वर, खाली, पुढे, मागे अशी फिरत राहते. वेग निम्मा, म्हणजे ४५ केला, तर तीच ओढ एक किलोहूनही कमी होते. वेग दुप्पट झाला की ओढ दुप्पट नव्हे, चौपट होते, असा हा नियम आहे.

शिवाय, झोक्यास योग्य वेळी बोट लाविले तरी तो उंच जातो. तसे एका ठराविक वेगास चाकाचे धक्के गाडीच्या स्वाभाविक झोक्याशी जुळतात आणि थरथर फार वाढते. तो वेग ओलांडला की जुळणी मोडते व थरथर कमी भासते. परंतु कमी भासली म्हणजे दोष गेला असे नव्हे. दोष उभ्या गाडीतही होता, ५० च्या वेगातही होता, आणि १०५ च्या पलीकडेही तितकाच होता.

आता ह्या थरथरीचे आम्ही काय केले ते सांगतो, आणि ते सांगताना मला लाज वाटते.

पहिली गोष्ट आम्ही केली ती ही, की ८० च्या वर गाडी न्यावयाची नाही असा नियम केला. अशा रीतीने चार महिने गेले. दोष तसाच राहिला. केवळ तो दिसण्याची जागा आम्ही टाळली. दुसरी गोष्ट, आमच्या तरुण चालकास मी स्टिअरिंग घट्ट धरावयास सांगितले. तिसरी गोष्ट अधिक वाईट. पंचांच्या सभेत मी म्हणालो की हा मुलगा खड्ड्यांतून गाडी आपटतो, त्याचेच हे फळ असावे. तो समोर उभा होता. तो एवढेच म्हणाला, “पाळकसाहेब, माझ्या हाताला काही लागत नाही. खाली बैठकीला लागतं.” त्याच्या त्या वाक्यात अर्धे उत्तर होते, परंतु ते ऐकण्यास माझे कान तयार नव्हते. चौथी गोष्ट, कोणी सांगितले म्हणून पुढचे दोन्ही शॉकअप बदलले व अलाइनमेंट करून घेतली. सुगीच्या उपकारस्तुतीच्या दानातील पैसे त्यात गेले. गाडी ८५ वर पूर्वीसारखीच थरथरली.

तेव्हा कोणीतरी एका वृद्ध मेस्त्रींचे नाव सुचविले. मी गाडी घेऊन गेलो आणि कोणता भाग बदलावा असे विचारिले. त्यांनी हातात पाना घेतला नाही. ते म्हणाले, “पाळकसाहेब, आधी बदलायचं नाही. आधी विचारायचं.” मग त्यांनी एकामागून एक जे प्रश्न केले ते मी येथे लिहून ठेवितो, कारण ते ज्याच्या घरी जुनी गाडी आहे त्यास उपयोगी आहेत, आणि ज्याच्या घरी गाडी नाही त्यासही, हे पुढे दिसेल.

पहिला प्रश्न : थरथर चाकांच्या वेगाबरोबर येते की इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर? गाडी उभी करून, गिअर काढून, इंजिनाच्या फेऱ्या वाढवाव्या. तेव्हाही थरथरली तर इंजिनाकडे किंवा ते ज्या रबरी माउंटिंगवर बसविलेले असते त्याकडे पाहावे. उभी असता शांत राहिली, आणि रस्त्यावर चौथ्या व पाचव्या अशा दोन्ही गिअरांत त्याच एका वेगास थरथरली, तर इंजिन बहुधा निर्दोष समजावे व चाकांकडे आणि त्यांस जोर पोहोचविणाऱ्या भागांकडे वळावे.

दुसरा प्रश्न : थरथर कोठे लागते? स्टिअरिंग हातात कापत असेल तर बहुधा पुढील चाके. बैठकीस व पायाखालच्या पत्र्यास लागत असेल तर बहुधा मागील चाके किंवा मागे जोर नेणारा प्रोपेलर शाफ्ट.

तिसरा प्रश्न : कोणत्या पायाखाली येते? केवळ ब्रेक दाबला असता येत असेल तर ब्रेकची डिस्क कोठे जाड, कोठे पातळ झालेली असते, किंवा ड्रम गोल राहिलेला नसतो. ॲक्सिलरेटर दाबला असता वाढून तो सोडताच जात असेल, तर शाफ्टचे क्रॉस झिजलेले असण्याचा संभव असतो. आणि पुढील चाकांस जोर देणाऱ्या गाडीत एक्सलचे आतील सांधे. दोन्ही पाय मोकळे असतानाही राहत असेल तर चाक, रिम व टायर ह्यांचा संशय आधी घ्यावा.

चौथा प्रश्न : थरथरीबरोबर गुणगुण ऐकू येते काय, आणि वळणावर एका बाजूस भार पडला असता ती बदलते काय? बदलत असेल तर चाकाचे बेअरिंग पाहावे.

पाचवा प्रश्न : प्रवासाच्या आरंभी अधिक असून काही किलोमीटरांनी जाते काय? पुष्कळ दिवस एका जागी उभ्या राहिलेल्या गाडीच्या टायरांस खालून चपटेपणा येतो, आणि ते तापले म्हणजे बहुधा पुन्हा गोल होतात.

ही परीक्षा मोकळ्या रस्त्यावर, प्रवाशांस न घेता, दोघांनी करावी. एकाने केवळ चालवावे व दुसऱ्याने लिहून घ्यावे. धावत्या गाडीची किल्ली कधीही बंद करू नये, कारण त्याने ब्रेकचे व स्टिअरिंगचे साहाय्य जाते, व किल्ली पुरती फिरली तर स्टिअरिंगच जखडण्याचे भय असते. आणि थरथर एकाएकी वाढली तर परीक्षा तेथेच सोडून हळूहळू वेग कमी करीत गाडी रस्त्याबाहेर उभी करावी.

प्रश्न संपले तेव्हा मेस्त्रींनी चालकास विचारिले, “तुला कुठं लागतं रे?” त्याने पूर्वीचेच उत्तर दिले. मेस्त्री माझ्याकडे वळून म्हणाले, “मग पुढचे शॉकअप कोणी बदलले?” मी खाली पाहिले.

त्यानंतर त्यांनी हात लाविला, तोही सोप्या व फुकटच्या गोष्टींपासून. चाके थंड असता हवा मोजली. नट घट्ट आहेत काय ते समोरासमोरच्या क्रमाने तपासले. ढिल्या नटांनी चाकच निघून जाते, म्हणून ही तपासणी कधीही उद्यावर टाकू नये असे ते म्हणाले. जॅक लावून प्रत्येक चाक वरखाली व आडवे हालवून पाहिले, म्हणजे बेअरिंग किंवा सांधा सैल असेल तर हातास कळते. रिमच्या आतील बाजूने आमच्या पांदीचा काळा चिखल खरवडून काढिला. तो पुष्कळ निघाला. मग चाके व्हील बॅलन्सिंगच्या यंत्रावर चढविली. अलाइनमेंट व बॅलन्सिंग ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तेव्हा समजले. पहिलीत चाकांची दिशा पाहतात. ती चुकली तर गाडी एका बाजूस ओढते व टायर वाकडे झिजतात. दुसरीत चाकाचे वजन चोहोंकडे सारखे आहे काय ते पाहतात, आणि उणे असेल तेथे रिमच्या कडेस वजनाचे लहान तुकडे लावितात.

तीन चाकांस पंधरा-वीस ग्रॅम पुरले. डाव्या बाजूच्या मागील चाकास यंत्राने १२० ग्रॅम मागितले. तेथे काम करणारा मुलगा तुकडे काढू लागला, तोच मेस्त्रींनी त्याचा हात धरिला. ते म्हणाले, “एवढं वजन मागणारं चाक बरोबर नसतं. वजन लावशील तर यंत्र गप्प बसेल, पण चाक गोल होणार नाही.”

चाक हळू फिरवून त्यांनी टायरजवळ खडू धरिला. खडू एकाच जागी टेकला. त्या जागी आतील अंगास, जे बाहेरून कधीच दिसत नाही त्या अंगास, तळहाताएवढा फुगवटा होता. टायरच्या आत तारांचे पट्टे असतात. ते रबरापासून सुटू लागले होते. असा टायर वेगात व उन्हात एकाएकी आपली वरची साल टाकतो, आणि मग गाडी चालकाच्या हाती राहत नाही. नक्षी अजून पुष्कळ शिल्लक होती. कायद्याने मोटारीस निदान १.६ मिलिमीटर खोल नक्षी लागते, तिच्याहून कितीतरी अधिक. वरून पाहणाऱ्यास टायर चांगलाच दिसला असता. मेस्त्रींनी बाजूवरचे चार आकडे पुसून मला दाखविले : ०९१४. पहिले दोन आकडे आठवड्याचे व पुढले दोन वर्षाचे; म्हणजे तो टायर २०१४ सालच्या नवव्या आठवड्यात घडला होता. दहा वर्षे तो उन्हापावसात होता.

“हा कोणी घेतला?” मेस्त्रींनी विचारिले.

तो मी घेतला होता. दोन वर्षांपूर्वी टायरांची एक जुनी जोडी मी स्वस्तात आणिली, आणि पंचांस सांगितले की जवळजवळ नवीच आहे. मी आकडे पाहिले नव्हते. आतील बाजू पाहिली नव्हती. पैसे वाचविल्याबद्दल माझी स्तुती झाली होती आणि ती मला गोड लागली होती. ह्याच टायरावर दर आठवड्यास तो आजारी बंधू आडवा होऊन जात होता. ह्याच टायरासाठी मी एका निरपराध तरुणास पंचांपुढे दोषी ठरविले होते.

त्याच दिवशी नवे टायर घातले. परत येताना चालकाने ९० पर्यंत वेग नेला. गाडी शांत होती. तो काही बोलला नाही. मीच गाडी बाजूस घ्यावयास सांगितले व त्याची क्षमा मागितली. पुढील रविवारी ज्या पंचांसमोर त्याच्यावर आरोप केला होता त्यांच्यासमोर, आणि ज्या मंडळीचे पैसे व्यर्थ गेले होते तिच्यासमोर, सर्व हकिकत सांगितली. दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ व आपल्या डोळ्यातील मुसळ ह्यांविषयी प्रभूने जे शिकविले त्यावर मी अनेक वेळा बोललो होतो. त्या रविवारी मी ते प्रथम ऐकिले.

प्रिय वाचकहो, आता ह्या गोष्टीचा आपल्याशी संबंध पाहू.

आपल्या घरांचे व मंडळ्यांचेही असेच आहे. सावकाश दिवसांत सर्व गोड असते. वेग वाढतो तेव्हा, म्हणजे लग्न ठरते, वाटणी होते, पंचांची निवडणूक येते, दुष्काळाच्या साली कर्ज होते, तेव्हा थरथर सुरू होते. आपण म्हणतो की लग्नाने भांडण आणिले, निवडणुकीने फूट पाडिली. नाही. वेगाने दोष निर्माण केला नाही. वेगाने तो चौपट करून दाखविला. ज्या प्रसंगी आपण थरथरलो त्या प्रसंगाचे उपकारच मानावे, कारण साल सुटण्यापूर्वी त्याने इशारा दिला.

अशा वेळी आपणही माझ्यासारखेच वागतो. कोणी वेग टाळितो : ज्या भावाशी वाकडे आहे त्याच्या घरी जाणेच सोडितो, आणि म्हणतो की आता शांती आहे. कोणी घट्ट धरून बसतो : घरात कोणी बोलू नये असा नियम करितो. कोणी जो समोर उभा आहे, दुबळा आहे, त्याच्या माथी दोष मारितो. बहुधा तो सून असते, किंवा मंडळीतील एखादा तरुण असतो. आणि कोणी न विचारता भाग बदलीत सुटतो : पाळक बदला, खजिनदार बदला, शाळा बदला. थरथर मात्र त्याच वेगास, त्याच जागी परत येते.

त्यापेक्षा मेस्त्रींचे प्रश्न देवापुढे बसून स्वतःस विचारावे. ही थरथर केव्हा येते? कोठे लागते? कोणत्या दाबाखाली वाढते, आणि कोणता दाब सुटला की जाते? ज्या मंडळीत केवळ हिशेबाच्या दिवशी भांडण होते तिचा दोष भजनी मंडळात शोधू नये; तो हिशेबात शोधावा. जो मनुष्य केवळ दुसऱ्याची स्तुती झाली असता रागावतो त्याने आपल्या रागावर नव्हे, आपल्या हेव्यावर हात ठेवावा. आणि ज्यास प्रत्यक्ष लागते त्याचे आधी ऐकावे. आमच्या चालकाचे एक वाक्य ऐकिले असते तर चार महिने व मंडळीचे दान दोन्ही वाचली असती.

आणखी एक गोष्ट, आणि ती मला सर्वांत जड वाटते. चाक गोल नसता त्यावर वजन चढवून यंत्र गप्प करिता येते. कोणी कोणाचे शेत बुडविले असेल आणि देवळास मोठी देणगी दिली, कोणी घरात कठोर असून बाहेर दुप्पट सेवा केली, तर हिशेब काही काळ बरोबर दिसेल. परंतु ते १२० ग्रॅम होत. देणगी वाईट नाही व सेवाही वाईट नाही. वजनाचे तुकडेही वाईट नाहीत, चांगल्या चाकास ते लागतातच. पण जेथे फार लागतात तेथे आत काही सुटले आहे असे समजावे. त्यास वजन नको, उलटून पाहणे हवे. आणि जे सुटले आहे ते बदलणे हवे.

म्हणून ह्या आठवड्यात दोन कामे करा. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी चाकांच्या आतील बाजूचा चिखल काढावा, टायराची आतील बाजू हाताने चाचपावी, व बाजूवरचे चार आकडे वाचावे. आणि आपण सर्वांनी, गाडी असो वा नसो, दावीदाची ती विनंती आपल्या शब्दांत करावी. पण ती करून लगेच उठू नये. जी बाजू आजवर आपणही पाहिली नाही ती बाजू तो आपणास दाखवीपर्यंत थांबावे. आणि तो दाखवील तेव्हा, ज्याच्या माथी आपण तो दोष मारिला होता त्याच्या घरी आधी जावे.

तो वृद्ध बंधू अजून दर आठवड्यास त्याच गाडीतून दोनदा जातो. तोच तरुण गाडी चालवितो. देव त्यांस वाटेत राखो, आणि आपल्या आतील बाजूस उजेड पाडो. आमेन.